सासूबाईंचं कॉम्प्युटरमधलं नाव आणि सांगलीची स्ट्रिप

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७१. गेल्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ऑक्सिकोडोन फक्त पाच दिवसांचं लिहून दिलं आणि त्याआधी स्क्रीनवर बघून विचारलं की मार्चमध्ये दाताच्या डॉक्टरांकडूनही असली गोळी घेतलीत ना. सासूबाईंना ते फार लागलं, म्हणतात मी काय गर्दुल्ली आहे का? त्यांचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये गेलंय का? आणि दुखणं अजून आहेच, तर सांगलीहून आणलेली ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची स्ट्रिप डब्यात आहे, त्यातली देऊ का?
– एक सून, एडिसन

उत्तर: आधी स्ट्रिपचं बोलूया, बाकी सगळं नंतर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका देऊ. ऑक्सिकोडोन आणि ट्रामाडॉल दोन्ही ओपिऑइडच, म्हणजे अफूच्या जातीची जालीम वेदनाशामकं, एकावर एक पडली की सुस्ती वाढते, श्वास मंदावू शकतो, आणि ७१ व्या वर्षी रात्री बाथरूमला जाताना तोल गेला तर नवा गुडघा कामाचा नाही राहायचा. शिवाय त्या स्ट्रिपच्या प्रत्येक गोळीत बहुतेक ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल, आणि तिकडचं टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉलच, नाव वेगळं म्हणून आपण दोन्ही घेत राहतो. सासूबाई डिप्रेशनची गोळी घेत असतील तर ट्रामाडॉलचं अजूनच जपून.

आता ब्लॅकलिस्ट. तसं काही नाहीये. डॉक्टरांनी जे बघितलं ते राज्याचं रजिस्टर. फार्मसीतून असं औषध दिलं की कुठलं, किती गोळ्या, किती दिवसांच्या, कोणी लिहिल्या, कुठून घेतल्या एवढं त्यात चढतं. न्यू जर्सीत असं औषध दुखण्यासाठी पहिल्यांदा लिहिताना ते बघणं डॉक्टरांना कायद्यानेच भाग आहे, म्हणजे त्यांनी तुमच्या सासूबाईंवर संशय घेतला नाही, पुढच्या पेशंटलाही तेच बघितलं असणार. (विचारण्याची पद्धत जरा गोड असती तर बरं झालं असतं, ते मान्य.) पाच दिवसांचंही तसंच, २०१७ च्या कायद्याने नव्या दुखण्याला पहिली चिठ्ठी पाच दिवसांपेक्षा जास्त नाही. कॅन्सरच्या पेशंटना ही मर्यादा नाही. दुखणं थांबलं नसेल तर सरळ फोन करा आणि पुढची चिठ्ठी मागा, कायद्यात त्याची सोय आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे आलं कुठून तर कॅलिफोर्नियात १९३९ पासून अशी नोंद आहे, आणि सगळ्यात शेवटी मिझुरीने २०२१ मध्ये कायदा केला. मधल्या काळात एकच माणूस चार डॉक्टरांकडून चार चिठ्ठ्या आणायचा आणि कोणालाच कळायचं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडच्या साधारण साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, २०२० ला त्या चौदा कोटींवर आल्या. पण मृत्यू काही थांबले नाहीत, २०२२ मध्ये ओव्हरडोसने लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बरीचशी रस्त्यावर चोरून विकल्या जाणाऱ्या फेंटानिल नावाच्या ओपिऑइडने, आणि ते कुठल्या रजिस्टरमध्ये येणार? उलट वर्षानुवर्षं गोळ्यांवर असलेल्या काही पेशंटच्या गोळ्या एकदम तोडल्या गेल्या, त्यांचे फार हाल झाले, म्हणून सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) २०२२ च्या नव्या सूचनांत डॉक्टरांना सांगितलं की डोसचे आकडे म्हणजे दगडावरची रेघ समजू नका. माझं मत विचाराल तर रजिस्टर हवंच, पण ते बघून डॉक्टरांनी पेशंटशी बोलायला हवं, दार लावून घ्यायला नको.

आणि तुमची स्ट्रिप त्या रजिस्टरला दिसतच नाही! सांगलीच्या मेडिकलमधून आली ना ती. म्हणून डब्यातलं सगळं, स्ट्रिपा, तेलं, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, पिशवीत भरून फॉलोअपला न्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा.

प्रश्न: आपल्याकडे भारतात असं रजिस्टर असतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: असतं, पण दुकानापुरतं. ट्रामाडॉलच्या स्ट्रिपवर लाल चौकट बघा, ते शेड्यूल एच-वनचं औषध, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. मेडिकलवाल्याने पेशंटचं, डॉक्टरचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. शेजारच्या दुकानाला मात्र त्यातलं काही कळत नाही. २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही आलंय. पण आपलं मोठं दुखणं उलटंच, १९८५ च्या त्या कायद्यानंतर कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळणं महाकठीण झालं, इतके परवाने लागायचे की हॉस्पिटलं नादच सोडायची. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपं केलं, आता मान्यताप्राप्त हॉस्पिटलला ते ठेवता येतं. घरात कोणी कॅन्सरने तळमळत असेल तर पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे डॉक्टर कुठे बसतात ते विचारा, आणि मॉर्फिनचं नाव तुम्हीच काढा.