मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ आहेत, तरी पर्यायी प्रश्न चुकतात. समजलंय की नाही हे कसं तपासू?

पुस्तक तीनदा वाचलं, तरी सराव चाचणीत २० पैकी ११ मिळाले, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीत विश्रामबागला पहिल्या वर्षाच्या मुलांची शिकवणी घेते. माझ्याकडेही दरवर्षी हेच होतं. पेपरात व्याख्या क्वचितच विचारतात, प्रसंग देतात. आणि तिथे सगळ्यात जास्त मार्क जातात ते ऋण प्रबलनावर.

'ऋण' दिसलं की मुलं शिक्षेवर खूण करून मोकळी होतात. इथे ऋण म्हणजे वजा. नकोसं काहीतरी दूर झालं आणि त्यामुळे वर्तन वाढलं, तर ते ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन घटतं. म्हणून आधी एवढंच बघा, वर्तन वाढलं की कमी झालं?

आता पुस्तक मिटा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरात पाणी शिरलं. अजूनही रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्यांच्या छातीत धडधडतं. मग उठून कपाटाच्या खालच्या खणातली कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकतात, तेव्हा कुठे डोळा लागतो.

यात काय काय दिसतं? धडधड हे अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टी मनात जोडल्या जाऊन एकीने दुसरीची प्रतिक्रिया आपोआप उमटणं. पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाण्याशी जोडल्या गेलेल्या मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांनी लाळ सुटायची, तसा इथे पावसाचा आवाज पुराशी जोडला गेलाय. पिशवी उचलणं मात्र साधक अभिसंधान, म्हणजे कृतीच्या परिणामावरून ती कृती वाढणं किंवा घटणं. उचलली की भीती ओसरते, म्हणून पुढच्या पावसात हात पुन्हा तिकडेच जातो. हेच ऋण प्रबलन.

हा प्रसंग सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग इतक्या वर्षांत त्यांची भीती गेली का नाही?" मला फार आनंद झाला. पिशवी न हलवता नुसता पाऊस ऐकत पडून राहायची वेळच येत नाही, मग विलोपन (शिकलेली प्रतिक्रिया हळूहळू विझणं) होणार कसं? (कागद वर ठेवण्यात काकूंचं काही चुकत नाही. नदीकाठी राहणाऱ्याने ते करावंच.) असा प्रश्न ज्याला पडतो, त्याला ती संकल्पना समजलेली असते.

आणि चौथ्यांदा वाचू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे. वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसाही जास्त होता. तुमचं नेमकं तेच झालंय.

चुकलेले ९ प्रश्न आज वहीत उतरवा. प्रत्येकात बाकीचे तीन पर्याय का बसत नाहीत, ते एकेका ओळीत लिहा आणि घरातला एक प्रसंग जोडा. उत्तरं त्यानंतरच बघा. आठवड्याने कोऱ्या पानावर तेच ९ प्रश्न पुन्हा सोडवा.