लातूरला राहून ई-कार घेताना चार्जिंगचा वेग किती बघावा?

रोजचं फिरणं लातूर शहरात, फार तर औसा-निलंग्यापर्यंत असेल तर वेगाचा विचार सोडा. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रात्रभरात साधारण २५ युनिट आत जातात, म्हणजे दीडशे किलोमीटरची सोय. फक्त अर्थिंग वायरमनकडून नीट तपासून घ्या, आपल्याकडे गडबड तिथंच असते.

महिन्यातून चार वेळा पुणं करणार असाल तर मात्र वेग बघाच. शोरूमवाला गाडीचा चार्जिंगचा वेग '१०० किलोवॅट' (म्हणजे तासाला १०० युनिट) सांगतो, त्यावर भाळू नका. चार्जर ३० किलोवॅटचा असला तर गाडी कितीही दमाची असो, ३०च घेणार. अर्ध्या तासात १५ युनिट, जेमतेम ८०-९० किलोमीटर. दोन गनच्या (गाडीला लावायच्या दोन नळ्यांच्या) चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याचदा त्यातही वाटणी होते. म्हणून आधी तुमच्या रस्त्यावरचे चार्जर किती किलोवॅटचे आहेत ते ॲपमध्ये बघा, मग गाडी ठरवा.

आणि बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर जायला किती वेळ लागतो तेवढंच विचारा. ८०च्या पुढं सगळ्याच गाड्या रेंगाळतात. बॅटरीला लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून थंड ठेवायची सोय) आहे ना, हेही बघा. मे महिन्यात ४२ डिग्रीत तापलेली बॅटरी वेग आपोआप कमी करते.