नवीन गेमिंग पीसी आणलाय, पहिल्यांदा सेटअप करताना काय काय बघायचं?

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीये ते बघ, नव्वद टक्के गोंधळ तिथेच असतो. वर मदरबोर्डला पण एचडीएमआय असतं आणि हात आपोआप तिकडेच जातो, पण केबल खाली आडव्या ग्राफिक्स कार्डच्या पोर्टलाच लावायची, नाहीतर एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून राहणार. (मी स्वतः दोन दिवस असाच खेळलो आणि दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या 😅)

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, घाबरून पॉवर बंद करू नको, मेमरी ट्रेनिंग चालू असतं ते, म्हणजे पीसी रॅमशी जुळवून घेत असतो. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचा मदरबोर्डचा सेटिंग मेनू) जाऊन एक्सएमपी किंवा एएमडी प्रोसेसर असेल तर एक्सपो ऑन कर, रॅमचा पूर्ण स्पीड चालू करणारी सेटिंग ती, कारण ६००० स्पीडची रॅम घेतलीस तरी ते न करता ती बहुतेक ४८०० वरच चालते.

विंडोज अपडेट, ग्राफिक्सचा ड्रायव्हर थेट कंपनीच्या साइटवरून. आणि हो, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोज बरेचदा ६० वरच ठेवतं, सेटिंग्स, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बदलावं लागतं, लोक वर्षभर ६० वर खेळतात आणि कळत पण नाही.

आरजीबीची (रंगीत लाइटची) सॉफ्टवेअरं नंतर टाक रे, घाई नाही. आधी एखादा जड गेम अर्धा तास चालवून टेम्परेचर बघ, प्रोसेसर लगेच ९५ च्या पुढे पळाला तर कूलरखालचं प्लास्टिक काढायचं राहिलंय का ते तपास.