चारही बाजूंनी समुद्र असताना लक्षद्वीपच्या विहिरींना गोडं पाणी कसं लागतं?

निपाणी-चिकोडीकडे काळ्या पाषाणात पाणी नाही लागलं की आपण बोअर आणखी खोल नेतो. लक्षद्वीपसारख्या प्रवाळाच्या, चुनखडीच्या बेटावर तसं केलंत तर खारंच पाणी लागेल.

प्रवाळाची वाळू आणि चुनखडी इतकी सच्छिद्र असते की पाऊस वाहून न जाता थेट मुरतो. हे गोडं पाणी (घनता १.०००) खालच्या समुद्राच्या पाण्यावर (१.०२५) तरंगतं, मध्ये जाड, कडेला पातळ, भिंगासारखं. समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० फूट असतं. हा झाला कागदावरचा हिशेब. भरती-ओहोटीने दोन्ही पाणी घुसळून मध्ये मचूळ थर होतो, त्यामुळे पिण्याजोगं पाणी बरंच कमी भरतं.

खरा घात मोटार करते. उपशाने विहिरीतली पातळी १० सेंमी उतरली, की विहिरीखालचं खारं पाणी ४ मीटरपर्यंत वर चढू शकतं. मग मोटार बंद केली तरी ते लगेच खाली बसत नाही. म्हणून विहीर उथळ, मोटार लहान, उपसा थोडा-थोडा. त्याहून बरं म्हणजे पाणीपातळीलगत आडवे, भोकं पाडलेले पाइप घालून पसरून उपसणं. शौचखड्डा मात्र विहिरीपासून लांबच हवा, वाळू फारसं काही गाळत नाही.

लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीत २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा, रोज १ लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे.