गुडघे दुखतात म्हणे

प्रिय मावशी,

ख्रिस्तात सलाम. मी ३२ वर्षांचा आहे, सदरला राहतो. इंजिनीअरिंग करून हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला होतो. २०१९ साली आमच्या चर्चच्या उज्जीवन सभेत (विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरवतात ती) बाहेरगावाहून आलेल्या प्रवचनकारांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "प्रभू तुला अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवणार आहे." मी ते देवाचं बोलावणं मानलं, नोकरी सोडली आणि एमपीएससीच्या मागे लागलो. पुढच्याच रविवारी आईने चर्चमध्ये उभं राहून तशी साक्षही दिली. त्यानंतर चारदा पूर्व निघाली, तीनदा मुख्य दिली, एकदा मुलाखतीपर्यंत गेलो. यादीत नाव आलं नाही. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तसं देवाने घरात काही कमी पडू दिलेलं नाही. बाबांचं थोडं पेन्शन आहे. आईने मुलांचे डबे सुरू केले, ते आता चौदा झालेत. होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर ती स्वतः नेऊन देते. मी सकाळी आठपासून अभ्यासिकेत असतो. उपास करतो, रोज बायबलमधलं यिर्मया २९:११, म्हणजे देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत हे वचन, वाचूनच पुस्तक उघडतो. पण आता प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नाही. घरातही कुणी मोकळं बोलत नाही. आई गुडघ्यांमुळे वर्षभर प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि प्याला घ्यायला, पुढे गेलेली नाही, बाबा पेपरात तोंड घालून बसतात. युवक संघातले म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. मावशी, देव मला विसरला का? अभिवचनावर भरवसा ठेवून थांबू, की सोडून देऊ? वयाची मर्यादा ३८ आहे, म्हणजे अजून सहा वर्षं हातात आहेत.

— वाट पाहणारा, सदर, नागपूर

बाळा,

तुझं पत्र चार पानांचं होतं, वर छापलंय ते काटछाट करून. त्या चार पानांत परीक्षांच्या तारखा आहेत, कटऑफ आहेत, उपासांचे दिवससुद्धा मोजून लिहिलेले आहेत. आईच्या वाट्याला चार वाक्यं आली. मी ती एका कागदावर एकाखाली एक लिहून काढली आणि सकाळपासून त्यांच्याकडेच बघून राहिले आहे.

तिसऱ्या मजल्यावर ती स्वतः डबे नेऊन देते. गुडघ्यांमुळे ती प्रभुभोजनाला पुढे जात नाही.

दोन्ही तूच लिहिलंस, चार ओळींच्या अंतराने, आणि तुला काही खटकलं नाही. इंजिनीअर आहेस ना? एका मजल्याच्या वीस पायऱ्या धर. साठ वर, साठ खाली, हातात भरलेली पिशवी. दोन वेळचे डबे असतील तर दिवसाला दोनशे चाळीस. तुमच्या चर्चमध्ये बाकापासून वेदीपर्यंत किती पावलं होतात? आणि ज्याला पुढे येववत नाही त्याच्यासाठी पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन बाकापाशी येतातच की. माझ्या ओळखीच्या एक आजीबाई काठी टेकत चर्चला येतात, वेळ आली की हात जरासा वर करतात आणि बसल्या जागी घेतात.

तिचे गुडघे मुळीच दुखत नसतील असं मी म्हणत नाही. रोज इतक्या पायऱ्या चढणाऱ्या बाईचे दुखतीलच. पण वर्षभर प्रभुभोजन चुकलं ते त्यांच्यामुळे नाही.

मी हे छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः ते केलंय. नवरा गेला त्यानंतर मी सगळ्यांना खोकल्याचं सांगायचे. आमच्याकडे तेव्हा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा, त्यामुळे खोकला हे फार सोयीचं कारण. वर लोक म्हणायचे, बाई किती समजूतदार. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला सगळी रांग पुढे जायची आणि मी बाकावर बसून गीतांच्या पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहायचे. देवाशी माझी बोलचाल बंद होती. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या पंगतीला कसं बसायचं, एवढाच साधा पेच होता तो. महिला मंडळाकडून कफ सिरपच्या तीन बाटल्या आल्या. एकीने अडुळशाचा काढा धाडला. पण बाई, तुमचा खोकला तर कधी ऐकू येत नाही, असं दीड वर्षात एकानेही म्हटलं नाही.

तुझी आई बाकावर का बसून आहे, हे मला ठाऊक नाही. अंदाज आहे.

सभा आटोपली, प्रवचनकार आपल्या गावी गेले. तुला खुर्ची मिळाली, अभ्यासिकेतली का होईना. आईने मात्र सगळ्या मंडळीसमोर उभं राहून शब्द दिला होता. निकाल लागला की तू पुस्तकांच्या ढिगाआड जाऊ शकतोस. ती कुठे जाईल? उपासनेनंतर दारात "काय मग, साहेब झाला का मुलगा?" हे तिला विचारत असतील, तुला नाही. आणि प्रभुभोजनाला जायचं म्हणजे त्याच मंडळीच्या डोळ्यांसमोरून चालत जाऊन, ज्याच्या नावाने तो शब्द दिला त्याच्याचपुढे गुडघे टेकायचे. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी आठवलं की आपलं कुणाशी बिनसलंय, तर दान तिथेच ठेव, आधी समेट करून ये. ती ते मनाला लावून बसली असेल. कुणाशी बिनसलंय तिचं? त्या प्रवचनकाराशी, देवाशी, की तुझ्याशी? मला वाटतं तिघांशी. आणि तिघांपैकी एकाशीही कडाकडा भांडायची सोय नाही.

आता तुझं ते वाक्य, देवाने घरात काही कमी पडू दिलेलं नाही. अरे, चौदा डब्यांची कणिक कोण मळतं? किती वाजता उठून? नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला पेटत्या गॅससमोर पोळ्या शेकायच्या म्हणजे काय, हे एकदा दुपारचा कूलर सोडून स्वयंपाकघरात उभं राहून बघ. पंखा लावायचीही सोय नसते, गॅस विझतो. देवाने पुरवलं, कबूल. पण ज्या हातांनी पुरवलं त्यांच्यावर चटक्यांचे किती डाग आहेत, हे तुझ्या आभाराच्या प्रार्थनेत कधी आलं? आईचे कष्ट देवाच्या खात्यावर जमा करून तू मोकळा झालास. मला राग आला ते वाचून, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

यिर्मया २९:११ रोज वाचतोस, वाच. त्यातले संकल्प हिताचेच आहेत. फक्त बोट एक ओळ वर सरकव. सत्तर वर्षं भरल्यावर, असं तिथे लिहिलंय. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, बाबेलात कैदी म्हणून धरून नेलेल्या त्याच्या लोकांना धाडलेलं. ऐकणाऱ्यांतले किती तरी जण तिथेच माती होणार होते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. आता एक पान मागे जा. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा आहे, दोन वर्षांत सगळं परत मिळणार म्हणून सांगतोय. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून त्याने मोडूनसुद्धा टाकलं. लोकांना कोण आवडला असेल, सांगायला नको. गंमत म्हणजे यिर्मया आधी आमेनच म्हणाला, परमेश्वर तसंच करो म्हणाला. त्यालाही ते हवंच होतं! पण देव तसं बोललेला नव्हता. तुझ्या डोक्यावर हात ठेवणारा गृहस्थ हनन्याच होता असा निवाडा मी घरबसल्या देणार नाही. इतकंच म्हणते, की सात वर्षं तू २९ वा अध्याय हनन्याच्या आवाजात वाचून राहिला आहेस.

आणि समजा त्याचं बोलणं खरं ठरलं असतं, तरी माझा प्रश्न तोच राहिला असता. आपल्या नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. इथेही दोनच वर्षं, बघ. हे मात्र खरं झालं. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण मराठी ख्रिस्ती लोक ती गोष्ट कौतुकाने सांगतो, मीही संडे स्कूलमध्ये सांगितली आहे. पण भविष्य ऐकलं टिळकांनी आणि त्याची किंमत मोजली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लहान मुलाला घेऊन पाचेक वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आसऱ्याला, लोकांची बोलणी खात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन. आधी मात्र कुणी विचारलं नव्हतं, बाई, हे तुम्हाला पेलेल का म्हणून.

युवक संघातल्या पोरांना म्हणावं, रूथचं पुस्तक वाचा, चारच अध्याय आहेत. नामी दुष्काळात मवाबात गेली, नवरा आणि दोन्ही मुलं तिथे गमावून बेथलेहेमला परतली. गावातल्या बायका जमल्या, ही नामीच ना? ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. तीही साक्षच होती की, साऱ्या गावासमोर दिलेली! तिला विश्वासात उणी कुणी म्हटलं नाही, देवाने तर नाहीच. आणि तिची सून रूथ काय करते? ती सासूला एकही वचन ऐकवत नाही. सातूची कापणी सुरू झालेली असते, ती शेतात सरवा वेचायला जाते. संध्याकाळी एफाभर (एफा म्हणजे धान्याचं जुनं माप) सातू घेऊन येते आणि दुपारी स्वतःच्या जेवणातलं पोट भरून उरलेलं, जपून ठेवलेलं, ते नामीपुढे काढते. त्या पुस्तकात पुढे रूथशी लग्न करणाऱ्या बवाजापेक्षा मला हे उरवून आणलेलं जेवण जास्त आवडतं. त्याच संध्याकाळी स्वतःला कडू म्हणवणाऱ्या त्या बाईच्या तोंडून परमेश्वराच्या दयेबद्दल चांगला शब्द निघतो.

म्हणून येत्या शनिवारी अभ्यासिकेत जायचं नाही. सकाळी आईबरोबर उठायचं, डबे भरू लागायचे, आणि सगळ्या पिशव्या तू उचलायच्या. तिला रिकाम्या हाताने सोबत घे. वरच्या मजल्यावरून परत येताना, जिन्यातच, विचार: आई, तू प्रभुभोजनाला का जात नाहीस? ती म्हणेल, गुडघे. मग म्हण, आता तर तीन मजले चढलीस. आणि गप्प बस. पायरीवर बसायचं असेल तर बस तिच्याजवळ. पुढे जे येईल ते ऐक. देवाची बाजू घेऊ नकोस, प्रवचनकारांची घेऊ नकोस, तुझी तर अजिबात नाही. यिर्मया खिशात ठेव. ती रडली तर रडू दे, तुझ्यावर चिडली तर फारच चांगलं. काहीच बोलली नाही तर सोमवारी पुन्हा पिशव्या उचल.

परीक्षा द्यायची की सोडायची, याचं उत्तर मी आज देत नाही. शनिवारनंतर लिही. ३८ ही आयोगाने आखलेली रेघ आहे. तिथवर आईचा जीव पुरेल का, हा हिशोब तुझ्या चार पानांत कुठेच नाही.

देव विसरला का, विचारतोस. मला तसं वाटत नाही. प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नाही म्हणतोस, आणि भिंतीपलीकडे तुझी आईही त्याच देवापुढे वर्षभर मुकी बसली आहे. एकाच घरात दोघं, आणि दोघांनाही वाटतंय की आपण एकटेच.

पहिल्या रविवारची घाई करू नकोस. ती पुढे गेली नाही तर तूही जाऊ नकोस, बस तिच्या शेजारी बाकावर. लोक बघतील. बघू देत.

आणि वरणाचे डबे पिशवीत नीट उभे ठेव. आडवे झाले की गळतात, तिला विचार.

तुझी,
मावशी