तेलरंगातलं पहिलं पोर्ट्रेट: आधी ट्यूबा कमी कर

पहिल्याच पोर्ट्रेटला ट्यूबांचा ढीग आणू नकोस रे, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक एवढ्या चारच घे, स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्नच्या नावाने या रंगसंचाला झोर्न पॅलेट म्हणतात. ब्लॅकमध्ये व्हाइट मिसळून त्वचेच्या रंगाशेजारी लाव, चक्क निळसर दिसतं, करून बघच! सावळ्या चेहऱ्यासाठी फार तर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) वाढव.

सुरुवातीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी, ही ट्यूब फक्त या पहिल्या मांडणीसाठी वेगळी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसती उजेड-सावली मांड, डोळे किलकिले करून बघितलं की बारीकसारीक डिटेल गायब होतात आणि मोठे शेप दिसतात, तेच आधी पकड, पापण्यांचे केस वगैरे सगळं मागाहून. डोळ्यातला पांढरा भाग खरं तर पांढरा नसतोच, वरच्या पापणीची सावली पडते त्यावर, तिथे करडा लाव नाहीतर माणूस दचकल्यासारखा दिसतो.

खालचे थर पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त, उलटं केलंस तर पुढे तडे जातात. आणि हे प्लीज विसरू नकोस, तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकायचा नाही, वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, पसरून वाळत घाल.