बॉल पायथन घरी आणण्याआधी

आधी कागद, मग साप. बॉल पायथन आफ्रिकेतला आणि सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी सक्तीची आहे. ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. विक्रेता कागदांचा विषय टाळू लागला की तिथून निघ. शेतात सापडलेला अजगर कुणी स्वस्तात देऊ केला तर हातही लावू नकोस. आपला अजगर त्याच कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पाळणं सरळ गुन्हा.

पेटी साप येण्याच्या आठवडाभर आधी लाव आणि चालू ठेव. मोठ्या सापाला साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा हवी. एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. हीटर थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र) लावायचाच नाही, पोटाखाली भाजतं आणि सापाला ते वेळेवर कळत नाही. दोन्ही टोकांना एकेक घट्ट लपणं दे. एकच दिलंस तर तो ऊब सोडेल पण लपणं सोडणार नाही. तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाण्याचं जड भांडं, साठेक टक्के आर्द्रता. झाकणाला कडी हवीच. विदर्भात असशील तर मे महिन्यात गार ठेवण्याचीच काळजी जास्त.

खरेदीआधी पिल्लू तुझ्यासमोर खाताना बघ, शक्यतो गोठवून वितळवलेला उंदीर. (फ्रीजरबद्दल घरच्यांशी आधीच बोल!) आणल्यावर आठवडाभर हाताळू नकोस. मोठा साप कधी कधी महिनोन्महिने खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरू नकोस.